जमिनीशी बोलणारे विमान

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वी गावी १९७१ मध्ये व्यावसायिक वापराचे देशातले पहिले उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. जवळजवळ ३० मीटर व्यासाची अजस्र थाळी हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली आणि परदेशाशी होणारी संभाषणे त्या थाळीतून देशात उतरू लागली. विक्रम साराभाईंचे नाव या केंद्राला मिळाले. आज मुंबई विमानतळावर उभ्या असलेल्या कित्येक विमानांच्या पाठीवर एक लांबट उंचवटा दिसतो. त्या कवचाखाली दोन हात रुंदीचा अँटेना असतो आणि त्याचे काम आर्वीच्या थाळीचेच असते : दूरच्या उपग्रहाकडे नजर लावून बसणे. आर्वीची थाळी काँक्रीटमध्ये रोवलेली होती. हा अँटेना मात्र ताशी ९०० किलोमीटर वेगाने धावतो, वळतो, हेलकावे खातो, उणे ५० अंशांची थंडी सोसतो आणि एवढे होऊनही उपग्रहावरची नजर ढळू देत नाही.

थाळीपासून उंचवट्यापर्यंतच्या या प्रवासाची गोष्ट सांगावी म्हणून हे पुस्तक लिहिले. ते लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवत गेली आणि तीच पुस्तकाचा कणा झाली. विमानात इंटरनेट ‘असते’ असे आपण बोलतो, पण ते असते जमिनीवर. विमानाला मिळतो तो तिथवर पोचणारा एक दुवा. या दुव्याचे दुसरे टोक नेहमी कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी केंद्रात बांधलेले असते. त्या केंद्राला वीज लागते, देखभाल लागते, सरकारचा परवाना लागतो. पाऊसही त्याच टोकाला गाठतो. विमानातल्या वाय-फायविषयीचे बहुतेक प्रश्न, म्हणजे ते मंद का, महाग का, इथे आहे आणि तिथे का नाही, हे प्रश्न वर पाहून सुटत नाहीत. त्यांची उत्तरे जमिनीवर शोधावी लागतात.

आधी दुव्याची रचना पाहू. प्रवाशाच्या मोबाइलमधून निघालेला संदेश केबिनच्या छतात दडवलेल्या वाय-फाय यंत्राकडे जातो. तिथून तो तारेने विमानातल्या सर्व्हरकडे, पुढे मोडेमकडे आणि मग अँटेनाकडे पोचतो. अँटेना तो उपग्रहाकडे किंवा खालच्या मनोऱ्याकडे फेकतो. उपग्रह तो भूकेंद्राकडे परतवतो आणि तिथून पुढचा रस्ता तुमच्या-आमच्या घरातल्या इंटरनेटचाच असतो, जमिनीखालच्या आणि समुद्रतळावरच्या फायबरचा. उत्तर याच वाटेने उलटे येते. पुष्कळदा सिनेमे आणि गाणी विमानातल्याच सर्व्हरवर आधीच भरून ठेवलेली असतात. त्यामुळे आपण ‘नेटवर’ पाहतो असे प्रवाशाला वाटते, तेव्हाही त्या सिनेमाचा आकाशाशी काही संबंध नसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, मोबाइलला सरळ खालचा टॉवर का मिळू नये, असे नवख्या वाचकाच्या मनात येते. पुण्यावरून ११ किलोमीटर उंचीने जाणाऱ्या विमानाचे क्षितिज साधारण ३७० किलोमीटर दूर असते. म्हणजे मुंबई, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर आणि पणजी ही सगळी शहरे त्याच्या टप्प्यात येतात. जमिनीवरचा फोन आसपासच्या मोजक्या टॉवरना दिसतो, विमानातला फोन एकाच वेळी शेकडो टॉवरना दिसू शकतो आणि त्यांच्या कामात व्यत्यय आणू शकतो. शिवाय टॉवरचे अँटेना जमिनीवरच्या माणसांसाठी खाली झुकवलेले असतात, वरच्यांसाठी नव्हे. अमेरिकेने १९९१ मध्ये उडत्या विमानातून मोबाइल वापरण्यावर बंदी घातली तिच्यामागे जमिनीवरच्या जाळ्याचीच काळजी होती.

विमान आणि जमीन यांचे बोलणे इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुने आहे. आवाजी रेडिओ होताच. १९७८ मध्ये ‘एकार्स’ नावाची पद्धत आली आणि विमान आपण कधी सुटलो, कधी उतरलो, इंजिनाची स्थिती काय, हे छोट्या लिखित संदेशांनी कंपनीला आपोआप कळवू लागले. प्रवाशांच्या वाट्याला हे बोलणे १९८४ मध्ये आले. अमेरिकेत ‘एअरफोन’ ही सेवा सुरू झाली आणि क्रेडिट कार्ड घासून विमानातून घरी फोन करता येऊ लागला. महागड्या मिनिटांमुळे लोक तो क्वचितच वापरत. पण ११ सप्टेंबर २००१ रोजी युनायटेड ९३ या विमानातल्या प्रवाशांना याच फोनमुळे आणि काहींना आपल्या मोबाइलमुळे कळले की, अपहृत विमाने न्यूयॉर्कच्या इमारतींवर आदळवली गेली आहेत. आपले विमान कशासाठी ताब्यात घेतले आहे हे त्यांनी ओळखले आणि ते प्रतिकाराला उठले. विमान पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतात कोसळले, अपहरणकर्त्यांच्या लक्ष्यापर्यंत पोचले नाही. त्या सकाळी जमिनीवरची बातमी वर पोचण्याला केवढा अर्थ होता, हे यापरते कुठे दिसत नाही.

पुढची वाटचाल तीन घराण्यांची आहे. प्रत्येक घराण्याने जमिनीशी नाते वेगळ्या पद्धतीने जोडले.

पहिले घराणे मनोऱ्यांचे. टेक्ससमधल्या डेनिसन गावच्या एका खाणावळीत कागदी रुमालावर काढलेल्या आकृतीतून १९९१ मध्ये ‘एअरसेल’ ही कंपनी जन्मली. कल्पना अगदी साधी : टॉवरचे तोंड खाली न ठेवता वर करायचे आणि विमानाच्या पोटाला छोटा अँटेना लावायचा. २००६ च्या लिलावात या कंपनीने ३ मेगाहर्ट्झचा अरुंद पट्टा मिळवला आणि ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानांत ‘गोगो’ या नावाने सेवा सुरू केली. सबंध विमानाला मिळून सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट. दहा-बारा जणांनी ईमेल पाहिल्या तोवर ते छान चालले. हातोहाती स्मार्टफोन आले तेव्हा तोच पट्टा घागरीला लावलेल्या सुईच्या नेढ्यासारखा वाटू लागला. या घराण्याचे बळ आणि मर्यादा एकच आहे : खाली जमीन हवी. अटलांटिकवर मनोरे उभारता येत नाहीत. युरोपात २०१९ पासून सुमारे ३०० मनोरे आणि एक उपग्रह यांची जोडी एकत्र चालते. दाट वस्तीच्या छोट्या खंडात या घराण्याला अजूनही अर्थ आहे, हे त्यातून दिसते.

दुसरे घराणे भूस्थिर उपग्रहांचे. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये लेख लिहून दाखवून दिले होते की, विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरेल आणि खालून पाहणाऱ्याला एका जागी टांगलेला दिसेल. असे तीन उपग्रह जवळजवळ साऱ्या पृथ्वीला पुरतात. समुद्र आडवा येत नाही. मे २००४ मध्ये लुफ्तान्साच्या म्युनिक ते लॉस एंजेलिस उड्डाणात बोइंगच्या ‘कनेक्शन’ या सेवेने प्रवाशांना उपग्रहामार्गे इंटरनेट दिले आणि ऑगस्ट २००६ मध्ये ती बंद करण्याची घोषणाही झाली. तंत्र चालत होते. पण यंत्रणा जड आणि महाग होती, ९/११ नंतर विमान कंपन्यांचे कंबरडे मोडले होते आणि प्रवाशाच्या हातात लॅपटॉपखेरीज काही नव्हते. आयफोन आला जून २००७ मध्ये. तंत्र वेळेआधी आले, की ते चुकीचे आहे असा समज होतो. ‘कनेक्शन’च्या वाट्याला तेच आले.

भूस्थिर घराण्यात पुढे दोन उपशाखा वाढल्या. समुद्रावरच्या जहाजांसाठी १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्मारसॅटने एल बँडची, म्हणजे कमी वारंवारतेच्या पट्ट्याची, वाट धरली. तिचा अँटेना छोटा, पावसाची भीती कमी, पण क्षमताही बेताचीच. वैमानिकांच्या कामाला ती आजही विश्वासाची आहे. दुसरी शाखा उच्च वारंवारतेच्या केयू आणि केए बँडची. ऑक्टोबर २०११ मध्ये सुटलेल्या वियासॅट-१ या एकाच उपग्रहाची क्षमता सेकंदाला १४० गिगाबिट होती. एक मोठा झोत अख्ख्या खंडावर पसरवण्याऐवजी त्याने छोटे छोटे झोत वेगवेगळ्या प्रदेशांवर टाकले आणि तीच वारंवारता पुन्हा पुन्हा वापरली. शेतात एकच पाट सोडण्याऐवजी वाफ्यावाफ्याला पाणी द्यावे तसे. विमान एका झोतातून दुसऱ्यात शिरते तेव्हा दुवा हातोहात सोपवावा लागतो, आणि गर्दीच्या विमानतळावर उतरणारी पंचवीस-तीस विमाने एकाच वाफ्यात आली, की प्रत्येकाचे पाणी कमी होते. ‘आत्ताच तर चांगले चालत होते’ या प्रवाशाच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

भूस्थिर घराण्याला दोन गोष्टी कधीच टाळता येत नाहीत. पहिली प्रकाशाचा वेग. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत साधारण ७२ हजार किलोमीटर होतात, म्हणजे पाव सेकंद. विचारणा आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद केवळ अंतरात जातो, यंत्रांचा वेळ वेगळा. सिनेमा पाहताना हे कळत नाही, समोरासमोर बोलताना शब्दांवर शब्द पडतात. दुसरी गोष्ट पृथ्वीचा गोलवा. उत्तर ध्रुवाजवळून जाणाऱ्या विमानातून विषुववृत्तावरचा उपग्रह क्षितिजाला टेकतो आणि मग दिसेनासा होतो. भारतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी काही उड्डाणे त्या बाजूने जातात, तेव्हा तिथली शांतता यंत्र बिघडल्यामुळे असेलच असे नाही. कित्येकदा ती भूमितीची असते.

तिसरे घराणे सर्वांत नवे, खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या थव्यांचे. स्टारलिंकचे बहुसंख्य उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर, वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. अंतर इतके घटल्यामुळे विलंब सेकंदाच्या काही शतांश भागांवर येतो. पण एवढ्या खाली असलेला उपग्रह ताशी २७ हजार किलोमीटरने धावतो आणि काही मिनिटांतच नजरेआड होतो. म्हणून शेकडो, हजारो उपग्रह लागतात आणि विमानाला यांत्रिक थाळी फिरवून चालत नाही. त्याच्या पाठीवर सपाट अँटेना बसतो. त्यातले शेकडो छोटे घटक आपापल्या लहरी किंचित मागेपुढे करून एकत्र झोत घडवतात आणि काहीही न हलवता तो झोत क्षणार्धात दुसरीकडे वळवतात. हवाइयन एअरलाइन्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि कतार एअरवेजने ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सेवा प्रवाशांना दिली. वनवेबमध्ये भारती समूहाची मोठी गुंतवणूक आहे आणि तिचे ७२ उपग्रह इस्रोने २०२२ आणि २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून दोन खेपांत सोडले.

या थव्यांची किंमत आपण सगळेच मोजतो. आर्वीच्याच जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. तिथली जागा निवडली ती रेडिओ गोंगाट कमी म्हणून. २०२३ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीने स्टारलिंकच्या उपग्रहांमधून नकळत झिरपणाऱ्या कमी वारंवारतेच्या लहरी टिपल्या. एकाच तालुक्यात आकाशाशी बोलण्यासाठी एक थाळी उभी राहिली आणि आकाशाचे निमूट ऐकण्यासाठी तीस. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ कसा घालायचा हा या क्षेत्रापुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे असे मला वाटते.

या पुस्तकाच्या मध्यावर जी घटना आहे, तिच्याविषयी इथे थोडे सविस्तर बोलणे आवश्यक वाटते. ८ मार्च २०१४ रोजी पहाटे २३९ जणांना घेऊन क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान रडारवरून नाहीसे झाले. ‘एकार्स’चे संदेश थांबले, आवाज थांबला. पण पाठीवरचा इन्मारसॅटचा अँटेना हिंदी महासागरावरच्या उपग्रहाशी पुन्हा जोडला गेला. काही काळ काहीच बोलणे झाले नाही, तर ‘तू आहेस ना?’ असे जमिनीवरचे केंद्र विचारते आणि विमानाचे यंत्र ‘आहे’ म्हणून उत्तर देते. रडारवरच्या शेवटच्या नोंदीनंतर जवळजवळ सहा तास, सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत ही हाक-हुंकाराची देवघेव चालू होती. मध्ये दोनदा जमिनीवरून विमानाला फोनही लावला गेला, पण तो कोणी उचलला नाही.

त्या हुंकारांत विमान कुठे आहे हे सांगणारा एकही शब्द नव्हता. पण उत्तर यायला किती वेळ लागला याची नोंद पर्थच्या भूकेंद्रात होती. त्यावरून अभियंत्यांनी उपग्रहापासूनचे अंतर काढले आणि नकाशावर कमानी आखल्या. वारंवारतेतल्या सूक्ष्म फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, विमान उत्तरेकडे न जाता दक्षिणेकडे गेले हे कळले. बोलण्यासाठी केलेल्या दुव्याने बोलण्याविनाच साक्ष दिली. विमान अजून सापडलेले नाही, त्याचे काही तुकडे आफ्रिकेच्या किनाऱ्याला आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर लागले. या घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मोठ्या प्रवासी विमानांचा ठावठिकाणा समुद्रावर किमान दर १५ मिनिटांनी मिळाला पाहिजे असा दंडक केला. तो नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला. प्रवाशाच्या सिनेमासाठी आणि २३९ जणांच्या शोधासाठी लागणारे विज्ञान एकच आहे, हे वाचकाने ध्यानी धरावे.

भारताची गोष्ट तंत्रापेक्षा कायद्याची जास्त आहे आणि ती उशिरा सुरू होते. आपल्या हवाई हद्दीत शिरताच परदेशी विमानेही वर्षानुवर्षे हा दुवा तोडत असत. जानेवारी २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारशी केल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये नियम निघाले. त्यांचा गाभा या पुस्तकाच्या कण्याशी जुळतो : भारतावरून जाणाऱ्या विमानाचा उपग्रहामार्गे येणारा डेटा भारतातल्याच भूकेंद्रावर उतरला पाहिजे. मोबाइल सेवेसाठी ३,००० मीटर उंचीची मर्यादा ठेवली, म्हणजे खालच्या जाळ्याला धक्का नको. नोव्हेंबर २०२४ च्या दुरुस्तीने वाय-फायसाठीही तीच उंची आणि केबिनमध्ये यंत्रे वापरायला मुभा असणे, अशा दोन अटी स्पष्ट झाल्या. २०२० मध्ये नवी मुंबईतल्या महापे येथील टाटा समूहाच्या नेल्को कंपनीने पॅनासोनिक एव्हियॉनिक्सच्या साथीने भारताच्या आकाशात ही सेवा सुरू केली. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी ४,७०० किलो वजनाचा जीसॅट-एन२ हा उपग्रह अमेरिकेतून कक्षेत गेला. त्याच्या केए बँडच्या ३२ झोतांमागे विमानांतले इंटरनेट हाही एक उद्देश आहे. १ जानेवारी २०२५ रोजी एअर इंडियाने देशांतर्गत उड्डाणांतल्या निवडक विमानांत वाय-फायची घोषणा केली.

कोकणातल्या वाचकाला पावसाचा मुद्दा चटकन पटेल. केए बँडच्या लहरींना पावसाचे थेंब शोषतात. विमान बहुतेक वेळा पावसाच्या वर असते, भूकेंद्र मात्र त्याच्या खाली. म्हणून एकाऐवजी दूरदूर दोन-तीन भूकेंद्रे ठेवतात आणि एकीकडे मुसळधार सुरू झाली, की काम दुसरीकडे वळवतात. अँटेना विमानाच्या पाठीवर असला, तरी पावसाळ्याची चिंता जमिनीवरच्या माणसांनाच करावी लागते.

हे सारे आत्ताच का समजून घ्यायचे? कारण निर्णय आत्ता होत आहेत. कोणत्या वारंवारता कोणाला, भूकेंद्रे कुठे, उड्डाणाच्या माहितीवर हक्क कोणाचा, प्रवाशांचे जाळे वैमानिकांच्या जाळ्यापासून किती काटेकोर वेगळे ठेवायचे, चालू विमानातून मोठ्याने फोनवर बोलू द्यायचे का? पैशाचाही प्रश्न आहे : काही कंपन्या तासावर पैसे घेतात. डेल्टाने फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या सदस्यांना बहुतेक देशांतर्गत उड्डाणांत ही सेवा मोफत दिली. मोफत म्हणजे कोणीच पैसे भरत नाही असे नव्हे. कवचामुळे वाढलेले वजन आणि हवेचा विरोध इंधनात मोजला जातो, उपग्रहाचे भाडे कोणाच्या तरी खात्यातून जाते. नागरिक म्हणून हे प्रश्न विचारायचे, तर आधी ते आपल्या भाषेत मांडता आले पाहिजेत.

या पुस्तकाचा हेतू तोच आहे. गणित जिथे टाळता येत नाही तिथेच येते, आणि तेही शाळेत शिकलेले. अँटेना, मोडेम, बँड हे शब्द तसेच ठेवले, कारण महाप्यातले तंत्रज्ञ हेच शब्द बोलतात. भूकेंद्र, झोत, दुवा हे शब्द मराठीत आधीच चांगले नांदतात म्हणून वापरले. तिन्ही घराण्यांकडे सारख्याच आस्थेने पाहिले आहे. कुठल्याही कंपनीची जाहिरात यात नाही आणि कुठले तंत्र जिंकेल असे भविष्यही सांगितलेले नाही. वाचकाने उजळणी न करता कुठूनही सुरुवात करावी, पण एमएच ३७० चा भाग सावकाश वाचावा.

माझ्या मनातला वाचक म्हणजे तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेली, नारायणगावहून पुण्याला येताना आर्वीजवळून बसमधून जाणारी मुलगी. देशाचा परदेशांशी होणारा संवाद आपल्या तालुक्यात उतरत असे, हे तिला कोणी सांगितले नसेल तर ते या पुस्तकाने सांगावे. उद्या तिने भूकेंद्रात रात्रपाळीला बसून समोरच्या पडद्यावर अरबी समुद्रावरच्या एखाद्या विमानाचा ‘आहे’ हा हुंकार येताना पाहिला, तर तो हुंकार कुठून आला, किती अंतर कापून आला आणि तो का मोलाचा आहे, हे तिला ठाऊक असावे.